बारदान दोन किलो

काट्यावर चढायच्या आधी मी पाठीमागं हात नेऊन जर्सीचे खिसे चाचपले. डाव्या खिशात एक किलो, उजव्या खिशात एक किलो, दोन्ही वजनं जागेवर होती. मधल्या खिशात दोन केळी होती, पण ती खायची होती. वरून ढगळ विंडचीटर घातल्यामुळं बाहेरून काही दिसत नव्हतं. माझ्यासारख्या माणसाच्या अंगावर कुठं काय फुगलंय ह्याची कुणी चौकशी करत नाही, हा एक फायदा असतो.

"भूपाल मगदूम," डॉक्टर लिमयांनी यादीतलं नाव वाचलं. "विशेष गट. शंभर किलो आणि त्यावर."

लिमये दातांचे डॉक्टर आणि आमच्या सायकल क्लबचे सेक्रेटरी. त्यांचं स्वतःचं वजन अठ्ठावन्न. क्लबकडं घरगुती काटा होता, पण शंभराच्या पुढं तो आकडाच दाखवायचा नाही. म्हणून त्यांनी मार्केट यार्डातनं दांडीचा मोठा काटा टेम्पोत घालून मागवला होता. काट्याबरोबर मापाडी येणार आणि तो दस्तगीरमामू असणार, हे मला माहीत होतं. मामू सोबत आणखी काय आणणार, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. नऊ वर्षं त्याच धंद्यात काढलेल्या माणसाच्या डोक्यात ते यायला पाहिजे होतं.

गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची, सांगलीची. मी हळदीच्या सौद्यात मापाडी होतो, मामूंच्या हाताखाली. पोतं काट्यावर चढलं की दांडी बघायची आणि वजन पुकारायचं, हे आमचं काम. विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला, मधे आम्ही. आम्ही पुकारलं की दोघांनी मान्य करायचं. माझं स्वतःचं वजन तेव्हा एकशे एकवीस होतं आणि अख्खं यार्ड मला क्विंटल म्हणायचं. वरचे एकवीस किलो सोडून देत होते, हा त्यांचा मोठेपणा.

मला राग यायचा नाही. पण एक दिवस माझी पोरगी चंदना, तिसरीतली, शाळेतनं आली आणि दप्तर न काढताच म्हणाली, "पप्पा, वर्गात मला क्विंटलची पोरगी म्हणत्यात." पोरगी बावीस किलोची. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण नेहमीसारखं गेलं नाही.

त्याच आठवड्यात यार्डाच्या गेटवर क्लबचं पोस्टर लागलं. सांगली ते दंडोबा सायकल शर्यत. खुल्या गटानं दंडोबाचा डोंगर चढून वर जायचं, शंभर किलोवरच्यांनी पायथ्याला थांबायचं. आदल्या वर्षी विशेष गटात तीन माणसं होती आणि मेडलंही तीन होती. असला हिशेब मला लगेच कळतो. मी चंदनाला म्हणालो, "मी मेडल आणतो बघ." ती दुसऱ्याच दिवशी वर्गात सांगून आली. बाईंनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. झालं, आता आणणं भागच होतं.

मग मी सात महिने सायकल हाणली. पहिल्या महिन्यात मागच्या चाकाच्या नऊ तारा तुटल्या. सायकलवाल्यानं शेवटी दूधवाल्यांच्या सायकलीला असतात तसल्या जाड तारा घातल्या आणि म्हणाला, "आता दोन कॅन अडकवले तरी काही होत न्हाई बघा." सांगली सपाट. चढ म्हणजे रेल्वेवरचा उड्डाणपूल, तेवढाच. तो मी रोज पहाटे वीस वेळा चढायचो आणि वीस वेळा उतरायचो. तिसऱ्या दिवशी एका दूधवाल्यानं गाडी थांबवून विचारलं, "काय पडलंय का तुमचं?"

रविवारी क्लबची पोरं मला पुढं घालायची. "भूपालदादा, तुम्ही पुढं व्हा." मला वाटायचं, वयाचा मान. दोन महिन्यांनी कळलं की माझ्यामागं वारा लागत नाही. मी पुढं धापा टाकायचो आणि मागं सहा जण गप्पा मारत यायचे.

खाण्याचंही कडक केलं. सूर्यास्तानंतर घास तोंडात घालायचा नाही, हे आम्हा जैनांच्यात सांगितलेलंच आहे, मी चौतीस वर्षं नुसतं ऐकून सोडलं होतं. आता पाळायला लागलो. सासूबाईंना वाटलं, जावई धर्माला लागला. त्यांनी मंदिरात माझ्या नावानं पूजा घातली.

दर शनिवारी सौदा संपला की मी काट्यावर चढायचो आणि मामू हळदीचं पोतं पुकारावं तसं मला पुकारायचे. "एकशे चौदा दोनशे!" म्हणजे एकशे चौदा किलो दोनशे ग्रॅम. सगळं यार्ड ऐकायचं. पुढं एकशे आठ झालं, एकशे तीन झालं. हमाल टाळ्या द्यायचे. शर्यतीच्या बारा दिवस आधी मामूंनी पुकारलं, "शंभर शंभर!" आणि मी काट्यावर उभ्या उभ्याच हिशेब केला. दोनशे ग्रॅम आणखी गेले की मी विशेष गटातनं बाहेर, आणि खुल्या गटात साठ किलोच्या पोरांपुढं मला मेडल कोण देणार?

"आता काय झालं तोंड पाडायला?" माझी बायको त्रिशला म्हणाली.

"वजन उतरतंय."

"सात महिने उतरत नाही म्हणून रडत होता. आता उतरतंय म्हणून रडा."

मी श्रीखंड खाल्लं, भडंग खाल्लं, दुपारी झोपलो. शरीर एकदा उतरायला लागलं की ऐकत नाही. शनिवारी संध्याकाळी यार्डात कुणी नसताना शर्यतीचे कपडे घालून काट्यावर चढलो. अठ्ठ्याण्णव सहाशे.

तेव्हा मी ते काम केलं. एखादा दगड खिशात घातला असता तरी चाललं असतं. पण दगड किती भरतो ते कोण सांगणार? मापाडी माणसाला अंदाजपंचे काही जमत नाही. मला नेमके दोन किलो पाहिजे होते. कोपऱ्यात मामूंची लाकडी पेटी होती. तिच्यात प्रत्येक वजनाला स्वतःची खाच, आणि प्रत्येक वजनाच्या बुडाला शिशावर सरकारी शिक्का. मी एक किलोची दोन उचलली. मनात म्हटलं, ही काही चोरी नव्हे, सोमवारी सकाळी सौद्याच्या आधी परत ठेवायची.

तर रविवारी सकाळी सहाला विश्रामबागेत, शर्यत सुटायच्या ठिकाणी, मामूंनी काटा मांडला आणि मग टेम्पोतनं ती पेटी खाली घेतली. काटा खरा आहे हे शिक्क्याच्या वजनांनी दाखवल्याशिवाय तोल करायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. तो मला मामूंनीच शिकवला होता. पेटीवरचं फडकं बाजूला झालं. मामूंनी दोन रिकाम्या खाचांकडं बघितलं. मग रांगेकडं बघितलं. रांगेत आम्ही तिघंच होतो. मामूंनी बाकीची वजनं लावून काटा तपासला, फडकं परत झाकलं आणि म्हणाले, "काटा खरा हाय. चढा."

पहिला एकशे नऊ चारशे भरला. दुसरा एकशे तीन सातशे. मग मी.

मामूंनी दांडीवरचं माप सरकवलं. दांडी हलली, थांबली. नऊ वर्षं दांडी वाचलेला माणूस मी. मला वरनं सरळ दिसत होतं, एकशे एक शंभर. मामूंनीही तेच बघितलं. त्यांनी मान वर केली आणि यार्डातल्या आवाजात पुकारलं, "नव्व्याण्णव शंभर!"

लिमये वाकले. "अहो, मला इथनं एकशे एक दिसतंय."

"बारदान दोन किलो वजा."

"बारदान म्हणजे?"

"पोत्याचं वजन, डॉक्टर. ते मालात धरत न्हाईत."

"पण आधीच्या दोघांचं नाही धरलं तुम्ही."

मामूंनी माझ्या विंडचीटरकडं बघितलं. "त्यांच्या अंगावर पोतं नव्हतं."

लिमयांनीही विंडचीटरकडं बघितलं. मी काही बोलेन म्हणून थांबले. मी काट्यावरनं खाली उतरलो. त्यांनी माझं नाव एका कागदावर खोडलं आणि दुसऱ्या कागदावर लिहिलं. "मगदूम, खुला गट. साडेआठच्या आत वर पोचायचं. साडेआठला टेबल उचलणार."

चंदना तिथंच उभी होती, दोन वेण्या घालून. त्रिशला आली नव्हती. ती म्हणाली होती, दमलेला माणूस मी रोजच घरी बघते. तिनं पोरीला मामूंच्या हवाली केलं होतं.

"पप्पा, खुला गट जास्त मोठा असतो?"

"जास्त लांब असतो," मी म्हणालो.

शिट्टी झाली. मिरजेपर्यंत मला खुल्या गटातली पोरं दिसत होती. मिरजेनंतर ती गेली असं नुसतं ऐकलं. माझ्यामागं यार्डाचा टेम्पो लागला, कारण शेवटच्या माणसामागं गाडी ठेवायची हा शर्यतीचा नियम, आणि क्लबकडं गाडी ती एकच. टेम्पोच्या हौद्यात काटा, काट्याशेजारी मामू, मामूंशेजारी चंदना आणि चंदनाच्या मांडीवर ती पेटी.

वजनं टाकून द्यावीत असं वीस वेळा मनात आलं. पण शिक्क्याची वजनं रस्त्यात टाकता येत नाहीत. एक हरवलं तरी मामूंना वजनमापे खात्यापुढं उभं राहावं लागलं असतं. थांबून मामूंच्या हातात द्यावीत, तर शेजारी चंदना. वजनं प्रत्येक खड्ड्याला पाठीवर आपटत होती, एकदा डावं, एकदा उजवं.

दंडोबाच्या पायथ्याला विशेष गटाचं टेबल होतं. त्यावर तीन मेडलं मांडलेली होती. एकशे नऊवाला आणि एकशे तीनवाला खुर्च्यांवर बसून ताक पीत होते. त्यांनी मला हात केला. मीही केला आणि पुढं गेलो. मला रडू आलं, खरंच आलं. सायकलवर घाम असतो, त्यामुळं कुणाला कळत नाही.

मग चढ सुरू झाला. उड्डाणपूल वीस वेळा चढणं वेगळं आणि वीस उड्डाणपूल एकावर एक ठेवलेले चढणं वेगळं. पहिल्या वळणावर टेम्पो माझ्या शेजारी आला.

"आजोबा," चंदना विचारत होती, "ह्या दोन खाचा रिकाम्या का?"

"ती दोन वजनं आज कामावर गेल्यात, बाळ," मामू म्हणाले. मग मला म्हणाले, "भूपाल, ओझं व्हायला लागलं का रं?"

"नाही."

"झालं तर बोल. गाडीत जागा हाय."

"नाही म्हटलं ना, मामू."

"पप्पांना बोलायला लावू नका," चंदना म्हणाली. "त्यांचा दम जातोय."

दुसऱ्या वळणावर मामूंनी ड्रायव्हरला गाडी मागं ठेवायला सांगितलं, खाली उतरले आणि माझ्याशेजारी चालायला लागले. एकसष्ट वर्षांचा माणूस, पायात चपला. आमचा वेग सारखाच होता. बरोबर सांगायचं तर त्यांना मधूनमधून माझ्यासाठी थांबावं लागत होतं.

"भूपाल."

"अं."

"चाळीस वर्षं झाली. काट्यापाशी उभा राहून एकदा बी खोटं बोललो न्हाई."

"माहीत आहे, मामू."

"आज बोललो."

मी पायडल मारत राहिलो. थांबलो असतो तर परत सायकलवर बसता आलं नसतं. "खोटं कुठं? नव्व्याण्णव शंभर बरोबर होतं."

"वजन बरोबर होतं. बारदान खोटं होतं. तिथं पोतं कुठं होतं रं?"

"मग चोर म्हणायचं होतं सगळ्यांसमोर."

"पोरगी उभी होती की."

मामूंनी टेम्पोला हात केला. थोडा वेळ शेजारनं चालले आणि टेम्पोत जाऊन बसले. मला सकाळपासनं वाटत होतं की मामूंनी मला शिक्षा केली. मामूंनी माझ्यासाठी चाळीस वर्षांची जीभ विटाळली होती, हे मला दंडोबाच्या तिसऱ्या वळणावर कळलं. तिथनं पुढचा चढ कसा गेला ते आठवत नाही. पाय माझे होते एवढं आठवतं.

वर पोचलो तेव्हा घड्याळात आठ चोवीस झाले होते. टेबल होतं, पण टेबलामागं कुणी नव्हतं. आता कोण येतंय असं समजून सगळे देवळापलीकडं पोहे खायला गेले होते. मी रेघ ओलांडली आणि सायकलीसकट गवतात आडवा झालो. वर आभाळ दिसत होतं आणि पाठीखाली दोन किलो लोखंड टोचत होतं.

चंदना टेम्पोतनं उडी मारून आली. "पप्पा, पोचला तुम्ही! सहा मिनिटं आधी!"

मी उठून बसलो. विंडचीटर काढलं. पाठीमागं हात नेऊन एक वजन काढलं, गवतावर ठेवलं. मग दुसरं काढलं.

तिनं वजनं बघितली, पेटी बघितली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे तुम्ही दोन किलो जास्त घेऊन चढला? मुद्दाम?"

मामू काट्यावरची धूळ पुसत होते. धूळ नव्हतीच.

"मी उद्या वर्गात सांगते," चंदना म्हणाली. "सगळे नुसते आले, आणि माझे पप्पा दोन किलो लोखंड घेऊन आले."

हो म्हणणं फार सोपं होतं. मी एवढा दमलो होतो की नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. आणि तसं बघितलं तर त्यात खोटं एकही अक्षर नव्हतं. वजन बरोबर होतं.

"चंदा, बस इथं," मी म्हणालो. "ही वजनं मी मामूंना न विचारता घेतली. चोरून. माझं वजन शंभराला कमी पडत होतं. शंभर भरलं असतं तर मेडल मिळालं असतं, म्हणून खिशात घातली. मामूंनी ओळखलं."

तिनं मामूंकडं बघितलं. मामू म्हणाले, "व्हय."

ती बराच वेळ वजनांकडं बघत बसली. माझी त्या दिवशीची खरी शर्यत ही होती आणि तिच्यात मला काहीच करता येत नव्हतं. बसून राहायचं, एवढंच.

"मग मेडल नाही?"

"नाही."

तिनं दोन्ही वजनं एकेक करून उचलली, दोन्ही हातांनी, आणि पेटीकडं नेली. खाचेत ठेवायला गेली तसं मामू म्हणाले, "थांब, बाळ. हिकडं आण." त्यांनी ती दोन वजनं काट्यावर ठेवली, दांडी बघितली. "दोन किलो. काटा खरा हाय. आता ठेव."

तिनं वजनं खाचांत बसवली आणि फडकं झाकलं. मग म्हणाली, "आता पप्पा किती भरतात?"

"बघू की. चढ रं."

मी टेम्पोच्या हौद्यात चढलो. टेम्पो कुरकुरला. काट्यावर उभा राहिलो. जर्सी घामानं अंगाला चिकटलेली, खिसे रिकामे, केळी कधीच संपलेली. मामूंनी माप सरकवलं, दांडी थांबेपर्यंत थांबले. मी दांडीकडं बघितलं नाही. मी पोरीकडं बघत होतो.

"सत्त्याण्णव चारशे!" मामूंनी पुकारलं. डोंगरावर ऐकायला कुणी नव्हतं, तरी सौद्यात दोनशे माणसं असल्यासारखं पुकारलं.

"बारदान?" चंदनानं विचारलं.

"बारदान न्हाई," मामू म्हणाले. "निव्वळ."

घरी जाताना ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मिरजेच्या पुढं टेम्पोत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. पेटी तिनं मांडीवरनं सोडली नव्हती.

मामू पाच वर्षांनी थकले आणि ती पेटी माझ्याकडं आली. यार्डात मला अजून क्विंटल म्हणतात. आता माझं वजन ब्याण्णव आहे, वरचे आठ किलो ते पदरचे घालतात.

त्या सोमवारी काय झालं ते मला बाईंनी पालकसभेत सांगितलं. त्यांनी वर्गात विचारलं, चंदना, पप्पांना मेडल मिळालं का? ती उभी राहिली आणि म्हणाली, "नाही, बाई. पप्पा सत्त्याण्णव चारशे भरले. निव्वळ." बाईंना काहीच कळलं नाही. पण पोरगी अशी ताठ उभी होती की त्यांनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.